कुपीतलं ‘मानवी’ प्रथिन: अल्फा-सिन्यूक्लिन कुठून येतं आणि प्रयोगशाळेत कशाला लागतं

प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत एक नोंद हमखास सापडते: ‘मानवी अल्फा-सिन्यूक्लिन, रिकॉम्बिनंट’. करंगळीएवढी प्लास्टिकची कुपी, आत पांढरी पूड किंवा पाण्यासारखं द्रावण, तेही मिलिग्रॅमच्या हिशेबात, आणि लेबलवर ठळक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी’. ‘मानवी’ हा शब्द वाचून अनेकांना वाटतं की हे कुणाच्या तरी मेंदूतून काढलेलं असणार. घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, रुग्ण असेल तर हे औषध असावं असंही वाटून जातं. दोन्ही समज चुकीचे आहेत.

कुपीतलं प्रथिन जीवाणूंनी बनवलेलं असतं. त्याच्या साखळीतलं अक्षर न् अक्षर माणसाच्या प्रथिनासारखं असतं, पण ते कधी माणसाच्या पेशीत राहिलेलं नसतं. या एका फरकामुळे ते संशोधकांच्या फार उपयोगाचं ठरलं आणि याच फरकामुळे त्याच्यावर केलेला प्रत्येक प्रयोग रुग्णाला जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘शास्त्रज्ञांनी पार्किन्सनच्या गुठळ्या विरघळवल्या’ अशा मथळ्याला किती वजन द्यायचं, हे ठरवताना ही गोष्ट कामाला येते.

मूळ प्रथिन

चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांच्या बारीक पिशव्यांमार्फत. या पिशव्या पेशीच्या टोकाशी जमून राहतात. इशारा आला की पेशीच्या कडेला मिळतात आणि आतलं रसायन बाहेर पडतं. अल्फा-सिन्यूक्लिन असतं ते याच गर्दीत. पिशव्या एकत्र राखणं आणि त्यांची ये-जा सुरळीत ठेवणं यात त्याचा हात आहे. मात्र त्याच्यावाचून सगळं अडतं असंही नाही. हे जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात आणि त्यांना पिल्लंही होतात.

माणसात या प्रथिनाचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन लहानखुरं आहे: १४० अमिनो आम्लांची साखळी, वजन सुमारे १४,४६० डाल्टन, म्हणजे इन्सुलिनच्या साधारण अडीचपट. सुरुवातीचा साठेक आम्लांचा भाग पेशीच्या स्निग्ध पडद्याला चिकटतो. मधला, ६१ ते ९५ क्रमांकांचा भाग पाण्याला लाजणारा आहे आणि गुठळ्या होण्याचं मूळ तिथेच आहे. शेवटच्या शेपटीवर ऋण विद्युतभार फार असल्यामुळे ती शेजारच्या साखळ्यांना दूर ठेवते.

बहुतेक प्रथिनं ठरलेल्या घडीत असतात आणि घडी विस्कटली की निकामी होतात. अल्फा-सिन्यूक्लिनला पाण्यात अशी घडीच नसते. सुटा दोरा हवा तसा वळवळत राहावा तसं ते राहतं, आणि पडदा मिळाला की तेवढ्यापुरतं पीळ घेतं. पुढे ते तयार कसं करतात हे समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं ते माणसात नव्हे, माशात. १९८८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी विजेचा धक्का देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या चेतासंस्थेतून ते शोधलं. चेतापेशींच्या जोडांपाशी, म्हणजे सिनॅप्सपाशी, आणि केंद्रकाच्या म्हणजे न्यूक्लियसच्या आवरणापाशी ते दिसलं म्हणून दोन्ही शब्द जोडून ‘सिन्यूक्लिन’. केंद्रकाचा भाग पुढे वादाचा ठरला, पण एकदा चिकटलेलं नाव कोण काढतो!

त्याचं नाव सगळीकडे झालं १९९७ मध्ये. दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावाशी मूळ असलेल्या एका मोठ्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या पार्किन्सन चालत आला होता. त्या घराण्यातल्या रुग्णांच्या या जनुकात एका अक्षराची चूक सापडली. त्या चुकीमुळे साखळीत ५३ व्या जागी ॲलनिनऐवजी थ्रिओनिन येतं. तीन ग्रीक कुटुंबांतही तीच चूक निघाली. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली नोंदवलेले जे गोळे दिसतात, ते मुख्यतः याच प्रथिनाचे आहेत. ज्यांच्या घराण्यात कुठलीही चूक नाही अशा रुग्णांतही तेच गोळे. आनुवंशिक चूक असलेली कुटुंबं जगात मोजकीच, पण गुठळ्या मात्र बहुतेक सगळ्याच रुग्णांत, असा हा पेच आहे.

२००३ साली अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका कुटुंबाने तो आणखी गहिरा केला. त्यांच्या प्रथिनात काहीच चूक नव्हती. फक्त जनुकाच्या दोनऐवजी चार प्रती होत्या. म्हणजे निर्दोष प्रथिनसुद्धा प्रमाणाबाहेर झालं तर रोग होतो.

रिकॉम्बिनंट म्हणजे काय

एका सजीवाचं जनुक दुसऱ्यात बसवून त्याच्याकडून प्रथिन बनवून घेणं, म्हणजे रिकॉम्बिनंट पद्धत. आपल्याकडे घरोघरी तिची ओळख आहे, नावाने नसली तरी. मधुमेहींना पूर्वी डुकराच्या किंवा गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन घ्यावं लागे. १९८२ पासून जीवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ‘शानव्हॅक-बी’ ही हिपॅटायटिस बी ची लस आणली, ती देशात बनलेली पहिली रिकॉम्बिनंट लस. तिथे जीवाणूऐवजी यीस्ट राबलं, इतकाच फरक.

मग मेंदूतूनच प्रथिन का काढत नाहीत? मृत्यूनंतर दान केलेले मेंदू थोडे मिळतात, प्रत्येकाचं वय आणि आजार वेगळा असतो, आणि हाती येतं ते नाना अवस्थांमधलं मिश्रण. प्रयोग पुन्हा करायचा म्हटलं तर तोच मेंदू पुन्हा कुठून आणणार? जीवाणूंच्या एका लिटर मिश्रणातून मात्र दहा-वीस मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन सहज निघतं आणि पुढच्या महिन्यात तसंच परत करता येतं.

उकळून काढलेलं प्रथिन

कामाला लागतो तो ई. कोलाय हा जीवाणू, बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेली बीएल२१ ही जात. मानवी जनुक डीएनएच्या एका छोट्या वर्तुळात, प्लास्मिडमध्ये, बसवून ते जीवाणूच्या पोटात घालतात. पोषक द्रावणात ३७ अंशांवर हलवत ठेवले की जीवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. द्रावण पुरेसं गढूळ झालं की त्यात आयपीटीजी नावाचं रसायन टाकतात. ते दुधातल्या साखरेच्या कुळातल्या पदार्थासारखं दिसतं, जीवाणू फसतो आणि आपलं काम सोडून मानवी प्रथिन बनवत बसतो. तीन-चार तासांनी जीवाणू गाळासारखे खाली बसवून फोडायचे.

आता हजारो जीवाणू-प्रथिनांतून एक मानवी प्रथिन वेगळं करायचं. इतर प्रथिनांच्या बाबतीत हे किचकट काम असतं, इथे सोपी युक्ती आहे: सगळं उकळत्या पाण्यात ठेवा. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि मोडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. जीवाणूच्या बहुतेक प्रथिनांचं तसंच होऊन त्यांचा गाळ होतो. अल्फा-सिन्यूक्लिनला मोडायला घडीच नाही! दहा-पंधरा मिनिटं उकळूनही ते वरच्या पाण्यात विरघळलेलंच राहतं. गाळ टाकून द्यायचा, पाणी ठेवायचं. मग विद्युतभारावर निवडणाऱ्या नळीतून आणि त्यानंतर आकारावर निवडणाऱ्या नळीतून ते पाणी जाऊ दिलं की प्रथिन बऱ्यापैकी शुद्ध होतं.

तपासणीत नवख्या विद्यार्थ्याला घाबरवणारी एक गोष्ट होते. जेलवर हे प्रथिन १४ च्या जागी न दिसता १७-१८ किलोडाल्टनच्या आसपास दिसतं. चुकीचं प्रथिन आलं असं वाटतं, पण तो आम्लधर्मी शेपटीचा परिणाम. खरं वजन मास स्पेक्ट्रोमीटरवर बघावं लागतं. मोजमापातही अशीच अडचण आहे. अतिनील प्रकाश शोषून प्रथिन किती आहे ते मोजतात, आणि तो प्रकाश सगळ्यात जास्त शोषणारं ट्रिप्टोफॅन या साखळीत एकही नाही. काम भागवायचं ते चार टायरोसिनवर.

जीवाणूची चूक, आणि जीवाणूला न येणारी कामं

मानवी अल्फा-सिन्यूक्लिनमध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल नाहीच. तरीही काही प्रयोगशाळांच्या मालात साखळ्या जोडीने अडकलेल्या दिसायच्या, आणि असं अडकणं सिस्टीनमुळे होतं. २००६ मध्ये याचं उत्तर मिळालं. १३६ व्या टायरोसिनसाठी माणसाच्या जनुकात ‘टीएसी’ हा तीन अक्षरी संकेत आहे. ई. कोलाय तो वाचताना सुमारे २० टक्के वेळा चुकतो आणि टायरोसिनऐवजी सिस्टीन घालतो. उपाय म्हणून संकेत बदलून ‘टीएटी’ केला. अर्थ तोच, टायरोसिन, पण जीवाणूचा वाचनदोष गेला. म्हणजे मानवी प्रथिन बिनचूक मिळावं म्हणून मानवी जनुकाचंच एक अक्षर बदलावं लागलं. २००६ पूर्वीचे शोधनिबंध वाचणाऱ्याने ही गोष्ट मनात धरलेली बरी.

हा प्रश्न तरी सुटला. माणसाची पेशी प्रथिन बनवल्यानंतर त्यावर जे शेवटचे हात फिरवते ते जीवाणूला येत नाहीत. माणसात या साखळीच्या पहिल्या टोकावर ॲसिटिल गट बसलेला असतो. जीवाणूच्या मालात तो नसतो. तो बसवणारं यीस्टचं यंत्र सोबत जीवाणूत घातलं तर काम होतं, म्हणून कुपीवर ‘टोक ॲसिटिल केलेलं’ असा वेगळा माल मिळतो आणि तो महाग असतो. दुसरा फरक मोठा. लेवी गोळ्यांतल्या सुमारे ९० टक्के प्रथिनावर १२९ व्या सेरिनला फॉस्फेट लागलेलं असतं; निरोगी मेंदूत हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास. साध्या कुपीत ते शून्य.

तिसरी गोष्ट उणिवेची नाही, जादा मालाची आहे. ई. कोलायच्या भिंतीतला एंडोटॉक्सिन हा पदार्थ प्रथिनाबरोबर चोरपावलांनी येतो. मेंदूतल्या संरक्षक पेशी त्याच्या लेशमात्रानेही खवळतात. ‘अल्फा-सिन्यूक्लिनमुळे मेंदूत दाह होतो’ असा निष्कर्ष काढण्याआधी दाह प्रथिनाचा की एंडोटॉक्सिनचा, हे तपासावंच लागतं. म्हणून चांगल्या कुपीच्या कागदावर एंडोटॉक्सिनचा आकडा छापलेला असतो. तो नसेल तर पेशींवरच्या प्रयोगाला ती कुपी न घेतलेली बरी.

उकळण्याच्या युक्तीनेही एक वाद पेटवला. २०११ साली हार्वर्डमधल्या एका गटाने म्हटलं की पेशीत हे प्रथिन सुटं नसतंच, चार साखळ्या एकत्र गुंडाळून राहतात. संशोधक ते उकळून काढतात म्हणून त्यांना सुटं दिसतं. आरोप गंभीर होता. सगळ्या जगाने वर्षानुवर्षं मोडलेल्या वस्तूवर काम केलं असा त्याचा अर्थ. पुढे इतर गटांनी न उकळता प्रथिन काढलं, आणि २०१६ मध्ये जिवंत सस्तन पेशींच्या आतच चुंबकीय तंत्राने पाहिलं तेव्हा ते मुख्यतः सुटंच दिसलं. चौकडीचा पक्ष अजून पूर्ण मावळलेला नाही, पण बहुसंख्य संशोधक सुट्या रूपाच्या बाजूचे आहेत.

दोऱ्यातून तंतू

हे सुटं प्रथिन घट्ट द्रावणात, ३७ अंशांवर, जोरात हलवत आठवडाभर ठेवलं की साखळ्या एकमेकींवर रचत जाऊन लांब तंतू बनतात. सोबत थायोफ्लेविन-टी हा रंग टाकला तर तंतू तयार होतील तसा तो चमकू लागतो. आलेखावर आधी बराच वेळ काहीच नाही, मग एकदम चढण, मग सपाटी. थोडे तयार तंतू विरजणासारखे टाकले तर तो सुरुवातीचा थांबा जवळजवळ नाहीसा होतो.

हे आधीचे टप्पे नेमके कसे घडतात यावर आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या प्रयोगशाळेत महत्त्वाचं काम झालं आहे. २०२० साली ‘नेचर केमिस्ट्री’त त्यांच्या गटाने दाखवलं की सुटं प्रथिन आधी पाण्यातल्या तेलासारखे द्रवाचे थेंब बनवू शकतं, आणि ते थेंब हळूहळू घट्ट होत त्यातून तंतू निघतात. त्याआधी २०१३ मध्ये, ५० व्या जागच्या एका बदलाने गुठळ्या होण्याचा वेग वाढतो, हेही याच प्रयोगशाळेने दाखवलं होतं.

ध्वनिलहरींनी तुकडे केलेले तंतू पेशींवर किंवा प्राण्यांत वापरतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने असे तंतू साध्या, निरोगी उंदरांच्या मेंदूत एकदाच टोचले. उंदराचं स्वतःचं प्रथिन त्या विरजणाला लागून गोठत गेलं, गुठळ्या जोडलेल्या भागांत पसरल्या आणि डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी मेल्या. रोग पेशीतून पेशीत पसरतो, या कल्पनेला त्याने मोठं बळ मिळालं. तो माल मात्र उंदराच्या प्रथिनाचा होता, मानवी नव्हे. गंमत अशी की कोंतुर्सीच्या घराण्याला रोग देणारं ५३ व्या जागचं थ्रिओनिन उंदरात जन्मजातच असतं, आणि उंदराला त्याचा काही त्रास नाही.

आता मुख्य अडचण. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे तंतूचा अणुपातळीवरचा आकार दिसू लागला. केंब्रिजच्या गटाने २०२२ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतून थेट काढलेल्या तंतूंचा आकार प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत जीवाणूच्या प्रथिनापासून बनवलेल्या तंतूंपेक्षा तो वेगळा निघाला. अक्षरं तीच, पण वळकटी निराळी. मल्टिपल सिस्टिम ॲट्रफी या दुसऱ्या आजारातल्या तंतूंचं विरजण लावूनही कुपीतल्या प्रथिनाने त्या तंतूंचा आकार उचलला नाही, हे २०२१ मध्येच दिसलं होतं. म्हणून एखादं रसायन कुपीतल्या तंतूला विरघळवतं, यावरून ते रुग्णाच्या मेंदूतल्या तंतूला विरघळवेल असं म्हणता येत नाही. किल्ली बनवली ती दुसऱ्याच कुलपाची, असा प्रकार होऊ शकतो. या प्रथिनाला पकडणाऱ्या दोन प्रतिपिंडांच्या मानवी चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले; त्या मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. त्याची कारणं अनेक असू शकतात आणि सगळा दोष कुपीवर टाकणं अन्यायाचं होईल, पण प्रयोगशाळेतलं यश आणि रुग्णाचं बरं होणं यात केवढं अंतर आहे ते त्यातून दिसतं.

रुग्णाच्या जवळ पोचलेला उपयोग

एका ठिकाणी मात्र ही कुपी रुग्णाच्या अगदी जवळ आली आहे. रुग्णाच्या कण्यातून काढलेलं मेंदूजल शुद्ध रिकॉम्बिनंट प्रथिनात मिसळतात. मेंदूजलात गुठळीचा सूक्ष्म अंश असेल तर तो विरजणाचं काम करतो आणि काही दिवसांत थायोफ्लेविन चमकतं. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त १,१२३ जणांवरचा अभ्यास आला, पार्किन्सन असलेल्यांपैकी ८७.७ टक्क्यांत चाचणी होकारार्थी आली. काहींत लक्षणं दिसण्याआधीही ती होकारार्थी होती.

इथे प्रथिनाची शुद्धता हा हौसेचा विषय राहत नाही. कुपीत आधीच काही साखळ्या गुंतलेल्या असतील तर निरोगी माणसाची चाचणीही चमकेल आणि त्याला नसलेला आजार सांगितला जाईल. म्हणून प्रत्येक नव्या खेपेची आधी कोऱ्या नमुन्यावर परीक्षा घेतात. ही चाचणी आजार किती पुढे गेला ते सांगत नाही, आणि तिच्या निकालावरून बदलावा असा उपचारही आज हातात नाही. रोजच्या उपचारात अजून लेव्होडोपाच आहे, जी डोपामिनची उणीव भरून काढते पण या प्रथिनाला हात लावत नाही.

कुपी हाताळताना

सुकी पूड गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली, द्रावण उणे ८० अंशांवर ठेवतात. पुन्हा पुन्हा वितळवलं आणि गोठवलं की गुठळ्या धरतात, म्हणून आल्याबरोबर लहान लहान भाग करून ठेवायचे आणि एक भाग एकदाच वापरायचा. प्रयोगाआधी जोरात फिरवून किंवा गाळून आधीपासूनच्या गुठळ्या काढून टाकायच्या. हे न करता काढलेला आलेख दुसऱ्या दिवशी जुळत नाही, आणि विद्यार्थ्याचे महिने वाया जातात.

तंतूंच्या बाबतीत काळजी जास्त घ्यावी लागते. त्यांच्यामुळे प्रयोगशाळेत कुणाला पार्किन्सन झाल्याची नोंद नाही, पण प्राण्यांच्या मेंदूत ते पसरतात हे माहीत असताना बेफिकिरी परवडणारी नाही. ध्वनिलहरींनी तुकडे करताना बारीक तुषार उडतात, म्हणून ते काम बंद कपाटात, हातमोजे घालूनच करायचं. सांडलं तर स्पिरिटने पुसून भागत नाही. तंतू मोडायला एसडीएस या साबणासारख्या रसायनाचं एक टक्का द्रावण चालतं, आणि तेच वापरावं असं २०१६ मधल्या एका तपशीलवार अभ्यासात सुचवलेलं आहे.

लेबलवरचं ‘फक्त संशोधनासाठी’ हे वाक्य कायद्याची पळवाट म्हणून छापलेलं नसतं. मानवी इन्सुलिनही जीवाणूच बनवतो, पण ते माणसाला टोचण्याआधी वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या परवान्याखाली, वेगळ्या तपासण्यांतून जातं. या कुपीने त्यातली एकही पायरी चढलेली नसते. पार्किन्सनच्या रुग्णात हे प्रथिन कमी पडलेलं नसतं, ते नको तिथे गोठलेलं असतं; त्यामुळे ते बाहेरून देण्याला उपचाराच्या अंगानेही काही अर्थ नाही. अशी कुपी औषध म्हणून कुणी देऊ केली, तर ती घेऊ नये आणि आपल्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवावी.